अ जीवनसत्त्वाचा माल आणि त्याचे वाहक

कसाऱ्याकडे जाणारी लोकल खर्डी सोडून घाटाच्या पायथ्याकडे निघाली की वाटेत उंबरमाळी नावाचा एक लहानसा थांबा लागतो. नावातच उंबर आहे. पाच वर्ज्य उदुंबर फळांपैकी हे एक, त्यामुळे ज्या घरांत उंबराला कधी हात लागला नाही अशा घरांतील माणसे व्यापारानिमित्त या गावाचे नाव दिवसातून दहा वेळा घेतात, हा योगायोग गमतीचा खराच. भोवताली ठाकर आणि कातकऱ्यांचे पाडे, पावसाळ्यात भाताची खाचरे, आणि खर्डी, कसारा, शहापूर, मुरबाड या बाजारपेठांत आपल्या समाजाची किराणा, कापड आणि धान्याची दुकाने.

याच पट्ट्यातील एका दुकानदार बंधूंनी मागील महिन्यात एक प्रश्न विचारला. त्यांच्या थोरल्या भावांच्या गालाच्या आतल्या बाजूस एक पांढरा चट्टा उमटला आहे. सुपारी आणि तंबाखू ही तीस वर्षांची सोबत. कोणीतरी सांगितले की अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतल्यास असा चट्टा जातो आणि कर्करोग होत नाही; त्याप्रमाणे गोळ्या आणल्याही गेल्या. त्या चालू ठेवाव्यात काय, एवढेच त्यांना विचारायचे होते.

उत्तर एका ओळीत देता येते. गोळ्या स्वतःहून घेऊ नयेत, आणि चट्टा याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावा. परंतु ज्यांनी हा सल्ला दिला त्यांचे म्हणणे अगदी निराधार नाही. या कल्पनेच्या मागे शंभर वर्षांचे संशोधन आहे, त्यात आशा आहे, फसगत आहे, आणि काही ठिकाणी खरोखरच रुग्णांचे प्राण वाचलेले आहेत. हा गुंता उलगडायचा तर जीवनसत्त्वापेक्षा त्याला वाहून नेणाऱ्या प्रथिनांकडे पाहावे लागते. आपण व्यापारी माणसे. माल आणि मालाची ने-आण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आपल्याला निराळे सांगावे लागत नाही.

अ जीवनसत्त्व, म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत रेटिनॉल, हा पदार्थ तेलात विरघळतो, पाण्यात नाही. रक्त हे बव्हंशी पाणी. तेव्हा यकृताच्या गोदामात साठवलेले हे जीवनसत्त्व डोळ्यांपर्यंत, त्वचेपर्यंत, तोंडाच्या व श्वासनलिकेच्या अस्तरापर्यंत पोहोचवायचे कसे? मोकळे सोडले तर ते पेशींच्या भिंतींना बाधक ठरते. म्हणून यकृत त्यासाठी एक खास वाहक तयार करते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डेविट गुडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ साली मानवी रक्तातून हे प्रथिन वेगळे काढले. त्याला रेटिनॉल-बंधक प्रथिन म्हणतात. एका प्रथिनाच्या कुशीत रेटिनॉलचा एकच रेणू बसतो. जुन्या काळचा आंगडिया एका पेढीची एकच थैली कमरेला बांधून निघावा, तसे.

हे प्रथिन इतके लहान आहे की एकटे फिरले तर मूत्रपिंडाच्या चाळणीतून गळून जाईल. म्हणून ते रक्तात ट्रान्सथायरेटिन नावाच्या आपल्याहून अडीच-पावणेतीन पट जड असलेल्या दुसऱ्या प्रथिनाचा हात धरून चालते. आंगडियासोबत पहारेकरी असावा असा हा बंदोबस्त. पुढे माल ज्या दारातून आत घेतला जातो ते पेशीवरील द्वार २००७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी ओळखले.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. यकृतात रेटिनॉलचा साठाच नसेल, तर तयार झालेले वाहक प्रथिन यकृतातच अडकून राहते. मालाविना आंगडिया पेढीबाहेर पडत नाही. आणि उलट, साठा असूनही शरीराला वाहक घडविण्यासाठी पुरेसे प्रथिनच मिळत नसेल, तर माल गोदामात पडून आणि गिऱ्हाईक उपाशी. ग्वाटेमालातील आहारसंशोधकांना १९६०च्या सुमारास तीव्र कुपोषित बालकांमध्ये हेच दिसले होते: अ जीवनसत्त्व न देता केवळ चांगल्या प्रतीचे प्रथिन खाऊ घातल्यावर ज्यांच्या यकृतात थोडाफार साठा होता त्यांच्या रक्तातील अ जीवनसत्त्व वाढले. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांच्या पाड्यांवर, जेथे पावसाळ्याच्या अखेरीस घरातले धान्य सरत येते आणि लेकराच्या वाट्याला पातळ पेज येते, तेथे या गोष्टीला केवळ पुस्तकी महत्त्व नाही. सरकारी कार्यक्रमात नवव्या महिन्यात एक लाख युनिट आणि त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाख युनिट असा अ जीवनसत्त्वाचा डोस मुलांना दिला जातो. आपल्या देशात ही योजना १९७० पासून चालत आलेली आहे. ती आवश्यकच आहे. तिच्यामुळे किती डोळे वाचले असतील याचा हिशेब मांडणे कठीण. मात्र डोसाबरोबर डाळीची वाटीही पोहोचली पाहिजे. आपल्यापैकी जी मंडळे या भागात अन्नदान करतात त्यांनी तांदळाच्या पोत्यांसोबत तूर, मूग, चणे यांचा विचार केल्यास त्या दानाची फलश्रुती दुणावेल.

आता कर्करोगाकडे वळू. हार्वर्डमधील वोलबाख आणि होव या दोघांनी १९२५ साली उंदरांना अ जीवनसत्त्वाविना वाढविले आणि त्यांच्या शरीरातील अस्तरे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. श्वासनलिका, लाळग्रंथी, मूत्रमार्ग यांचे मऊ ओलसर अस्तर जाऊन तेथे त्वचेसारख्या कोरड्या, खवलेदार पेशींचे थर चढले होते. जीवनसत्त्व पुन्हा सुरू केल्यावर अस्तर पूर्ववत होऊ लागते, हेही पुढे स्पष्ट झाले. तंबाखूच्या धुराने फुप्फुसात आणि तंबाखूच्या गुळणीने गालात होणारा पहिला बदल याच जातीचा असतो. ज्या पेशींनी आपले नेमून दिलेले काम सोडले, आपली ओळख विसरून त्या नुसत्या वाढत सुटल्या, त्यांतूनच कर्करोग उद्भवतो. पेशीला तिच्या कामाची आठवण करून देणारा पदार्थ जर अ जीवनसत्त्व असेल, तर ते भरपूर द्यावे म्हणजे कर्करोग टळेल, हा विचार साहजिकच मनात आला.

आठवण करून देण्याचे हे काम नेमके कसे चालते ते कळायला आणखी साठ वर्षे लागली. पेशीच्या आत शिरलेल्या रेटिनॉलला तेथील दुसरे एक बंधक प्रथिन आपल्या ताब्यात घेते. हा गोदामाचा राखणदार. तो माल सांभाळतो, नासू देत नाही आणि गरजेप्रमाणे कारखान्याकडे पाठवितो. कारखान्यात रेटिनॉलचे रेटिनोइक आम्ल होते. खरा कर्ता पदार्थ हाच. मग तिसरे प्रथिन त्याला उचलून पेशीच्या केंद्रकात नेते. तेथे त्याची वाट पाहत बसलेले ग्राहक १९८७ साली पिएर शांबाँ यांच्या फ्रान्समधील आणि रोनाल्ड एव्हान्स यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळांनी जवळजवळ एकाच वेळी शोधून काढले. रेटिनोइक आम्ल या ग्राहकाशी जुळले की विशिष्ट जनुके जागी होतात आणि पेशीला आदेश मिळतो: वाढ थांबव, परिपक्व हो, आणि वेळ आली की शांतपणे नाहीशी हो.

पेशींमधील हे राखणदार आणि वाहक हुडकण्याचे बरेचसे श्रेय नॅशव्हिल येथील फ्रँक खायटिल आणि डेव्हिड ऑन्ग यांच्या गटाला जाते. १९७५ साली त्यांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. स्तनाच्या आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या गाठींत रेटिनोइक आम्ल बांधणारे प्रथिन सापडत होते. शेजारच्या निरोगी ऊतींत मात्र ते आढळले नाही. याचा अर्थ काय लावावा हे त्यावेळी कोणालाच नीट उमगले नाही. पुढे २००० साली स्तनाच्या कर्करोगावरील एका अभ्यासात उलट्या दिशेचा पुरावा मिळाला. सुमारे चोवीस टक्के गाठींत रेटिनॉलचा राखणदारच नाहीसा झाला होता. जनुक शाबूत होते, परंतु त्यावर जणू मोहोर मारून ते बंद करण्यात आले होते. गोदामाला राखणदार नाही, म्हणून माल टिकत नाही; माल टिकत नाही, म्हणून आदेश निघत नाही. रक्तात अ जीवनसत्त्व कितीही असो, त्या पेशीपुरता दुष्काळच.

सर्वांत उद्बोधक शोध नोआ नॉय यांच्या प्रयोगशाळेतून २००७ साली आला, आणि व्यापारी मनाला तो चटकन पटेल. रेटिनोइक आम्लाला केंद्रकाकडे नेणारे मुनीम एक नसून दोन आहेत. सीआरएबीपी-२ नावाचा मुनीम त्याला योग्य पेढीवर पोहोचवितो आणि वाढ थांबते. दुसरा, एफएबीपी-५ नावाचा, तोच माल भलत्याच पेढीवर उतरवितो. तेथून पेशीला जगत राहण्याचा, वाढण्याचा आदेश मिळतो. म्हणजे पेशीत पहिला मुनीम जास्त असेल तर अ जीवनसत्त्व औषध ठरते आणि दुसरा जास्त असेल तर तेच जीवनसत्त्व गाठीला खतपाणी घालू शकते. माल एकच, हुंडीही एकच. ती कोणाच्या हाती पडली यावर सारे अवलंबून. एकाच गोळीचा दोन माणसांवर, किंबहुना एकाच माणसाच्या दोन अवयवांवर, वेगळा परिणाम का व्हावा याचे हे एक तरी बुद्धीला पटणारे कारण आहे. हे प्रयोग पेशींवर आणि उंदरांवर झालेले आहेत, माणसाच्या उपचारात त्यांचा सरसकट वापर अद्याप होत नाही, हेही सांगितले पाहिजे.

आशा खरी ठरल्याचे एक उदाहरण मात्र निर्विवाद आहे. शांघायचे डॉक्टर वांग झेन-यी यांनी १९८५ साली तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया या भयंकर रक्तकर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या एका पाच वर्षांच्या मुलीला रेटिनोइक आम्ल तोंडावाटे दिले. ती बरी झाली. १९८८ साली त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा वृत्तांत छापला. केवळ या औषधाने २३ जणांचा आजार आटोक्यात आला होता. येथे कर्करोगाच्या पेशी मारल्या जात नाहीत. त्या परिपक्व होतात, आपले विसरलेले काम आठवतात आणि मग क्रमाने नाहीशा होतात. या आजारात रेटिनोइक आम्लाचा ग्राहकच जनुकांच्या अदलाबदलीमुळे बिघडलेला असतो, म्हणून हा उपाय नेमका तेथे लागू पडतो. एकट्या औषधाने आजार काही महिन्यांत उलटत असे. आज ते इतर औषधांसोबत, विशेषतः सोमलाच्या शुद्ध क्षाराबरोबर देतात आणि बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात. तोही वैद्यकीय देखरेखीखालचा, रुग्णालयातील उपचार आहे. पेढीवर बसून गिळण्याची ती गोळी नव्हे.

आता फसगत कशी झाली ते पाहू. १९८० साली निकोलस वाल्ड यांनी दाखविले की ज्यांना पुढे कर्करोग झाला त्यांच्या आधी घेऊन ठेवलेल्या रक्तात अ जीवनसत्त्व कमी होते. जगभर खळबळ उडाली. परंतु १९८४ साली अमेरिकेत वॉल्टर विलेट यांना असा संबंध आढळला नाही. येथे वाहक प्रथिनाचे ज्ञान उपयोगी पडते. शरीरात कोठेही दाह, संसर्ग किंवा लपलेला आजार असेल तर यकृत हे वाहक प्रथिन कमी सोडते, आणि रक्तातील रेटिनॉल आपोआप उतरते. गोदाम भरलेले असूनही. तेव्हा रक्तातील कमी आकडा हे रोगाचे कारण नसून त्याचा परिणामही असू शकतो. प्रयोगशाळेच्या कागदावर अ जीवनसत्त्वासमोर खालचा बाण पाहून घाबरून गोळ्या सुरू करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. जाता जाता आणखी एक: हेच प्रथिन मेदातूनही स्रवते, आणि लठ्ठपणा व इन्सुलिनला न जुमानणारे शरीर यांच्याशी त्याचा संबंध असल्याचे २००५ साली दिसून आले. मधुमेह ज्या समाजाच्या घराघरांत आहे त्याला ही बातमी परकी वाटू नये, पण तो विषय स्वतंत्र लेखाचा.

मग मोठे प्रयोग झाले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांपैकी काहींना बीटा-कॅरोटीन देण्यात आले. बीटा-कॅरोटीन हे भाज्या-फळांतील पिवळे-केशरी द्रव्य. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व बनविते. १९९४ साली निकाल लागला तेव्हा ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक निघाला. अमेरिकेत १८,३१४ धूम्रपान करणारे, धूम्रपान सोडलेले आणि अॅस्बेस्टॉसशी काम केलेले लोक घेऊन बीटा-कॅरोटीन व अ जीवनसत्त्व एकत्र दिले. तेथे कर्करोग २८ टक्क्यांनी वाढला, मृत्यू १७ टक्क्यांनी, आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रयोग मुदतीच्या एकवीस महिने आधी थांबवावा लागला. बॉस्टनच्या संशोधकांनी नंतर फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यावर पाहिले की धुराने भरलेल्या फुप्फुसात जास्तीचे बीटा-कॅरोटीन विघटित होऊन भलतेच पदार्थ बनतात आणि रेटिनोइक आम्ल उलट घटते. ज्याला वाचविण्यासाठी माल पाठविला त्याच्याच दारात तो नासला. आमच्या प्रश्नकर्त्यांचे थोरले बंधू तंबाखू खातात, ओढत नाहीत, हा भेद आहे. पण तंबाखूच्या संगतीत हे द्रव्य निर्धोक मानण्यास आज कोणी जाणकार तयार होणार नाही.

वाहक प्रथिनांची आणखी एक कथा मिलानमधली आहे. फेनरेटिनाइड नावाचे कृत्रिम औषध उंबेर्तो वेरोनेसी यांच्या गटाने स्तनाच्या कर्करोगातून बऱ्या झालेल्या सुमारे तीन हजार स्त्रियांवर अजमावले. दुसरी गाठ टळावी हा हेतू. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात एकंदरीत फायदा सिद्ध झाला नाही. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांत काहीसा कल दिसला, इतकेच. मात्र काही स्त्रियांना अंधुक प्रकाशात दिसेनासे झाले. कारण असे, की हे औषध वाहक प्रथिनाच्या कुशीत रेटिनॉलची जागा बळकावते आणि पहारेकऱ्याचा हात सुटतो. प्रथिन मूत्रपिंडातून गळून जाते आणि डोळे उपाशी राहतात. कर्करोगासाठी दिलेल्या औषधाने रातांधळेपणा यावा, यावरून ही व्यवस्था किती नाजूक आहे ते कळते.

आता गालावरच्या चट्ट्याबद्दल. येथे आपल्याच देशात झालेले काम महत्त्वाचे आहे. तिरुवनंतपुरमच्या रीजनल कॅन्सर सेंटरमधील डॉक्टर शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी तोंडात पांढरे चट्टे असलेल्या १६० जणांचे तीन गट केले. वर्षभर एका गटाला आठवड्याला तीन लाख युनिट अ जीवनसत्त्व, दुसऱ्याला बीटा-कॅरोटीन, तिसऱ्याला बिनऔषधाची गोळी. १९९७ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे: अ जीवनसत्त्वाने ५२ टक्के लोकांचे चट्टे पूर्ण गेले, बीटा-कॅरोटीनने ३३ टक्के, आणि बिनऔषधाच्या गोळीने १० टक्के. सल्ला देणाऱ्याने कदाचित याच आकड्यांचा प्रतिध्वनी कोठेतरी ऐकला असावा. परंतु गोष्ट येथे संपत नाही. औषध थांबविल्यावर अ जीवनसत्त्वाने बरे झालेल्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जणांचे चट्टे परत आले. आणि चट्टा दिसेनासा होणे म्हणजे कर्करोग टळणे, हे अशा प्रयोगांतून सिद्ध झालेले नाही. इतकी मोठी मात्रा यकृताला आणि हाडांना बाधू शकते. ती डॉक्टरांच्या नजरेखाली आणि मोजून दिली गेली होती. मोठ्या माणसासाठी दिवसाला ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे सुमारे दहा हजार युनिट, ही तयार अ जीवनसत्त्वाची वरची मर्यादा समजतात. गर्भवतीने ती ओलांडल्यास बाळात व्यंग येण्याचा धोका असतो. मुरुमांसाठी तरुण मुलींना दिले जाणारे आयसोट्रेटिनॉइन हेही याच कुळातले. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईने त्वचारोगतज्ज्ञांना त्याबद्दल अवश्य विचारावे.

याउलट, तंबाखू सोडल्याने काय होते? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील फली मेहता आणि प्रकाश गुप्ता यांच्या गटाने या विषयावर आयुष्य वेचले. १९७२ साली त्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासल्याचा अहवाल प्रसिद्ध केला. घरोघर जाऊन, हातात विजेरी घेऊन. पुढे भावनगर, एर्नाकुलम आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांतील छत्तीस हजारांहून अधिक तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांना त्यांनी वर्षानुवर्षे समजावले. १९८६ साली त्यांनी दाखविले की ज्यांनी व्यसन सोडले वा कमी केले त्यांच्यात नवे चट्टे येण्याचे प्रमाण घटले. हा परिणाम मिळविण्यासाठी कोणाला एकही गोळी द्यावी लागली नाही.

आपल्या भागातल्या मशेरीविषयीही बोलले पाहिजे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि दातांना लावायची. पाड्यांवरच्या कित्येक स्त्रियांची सकाळ तिच्याशिवाय होत नाही. लहान मुलीही आईचे पाहून बोट बुडवितात. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सुमती भिडे आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात मशेरीचे प्रयोग उंदीर आणि हॅमस्टर यांच्यावर केले आणि तिच्यात कर्करोग उपजविण्याची शक्ती आहे हे दाखवून दिले. प्रकाश गुप्ता यांनी १९९०च्या दशकात मुंबईतील ९९,५९८ प्रौढांची पाहणी केली तेव्हा ५७.५ टक्के स्त्रिया तंबाखू वापरताना आढळल्या, जवळजवळ सर्व धूरविरहित स्वरूपात, आणि त्यात मशेरीचा वाटा मोठा होता. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. मशेरीची तंबाखू मात्र किराणा दुकानातून मिठा-मिरचीबरोबर जाते. ती कोणाच्या दुकानातून जाते हे येथे लिहिण्याची गरज नाही.

सुपारीचेही तसेच. तंबाखूला नाक मुरडणाऱ्या आपल्या कित्येक घरांत जेवणानंतर सुपारीचे खांड निरुपद्रवी मुखवास मानले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली तंबाखूविरहित सुपारीचाही माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत समावेश केला. तोंड पूर्ण न उघडणे, तिखट सहन न होणे ही सुपारीमुळे होणाऱ्या आजाराची सुरुवातीची लक्षणे. आणि या आजारात अ जीवनसत्त्वाच्या गोळीवर भिस्त ठेवणे व्यर्थ आहे.

गोळी नको, तर अन्नातून काय? हा प्रश्न आपल्या घरांत थोडा वेगळा उभा राहतो, कारण पुस्तकांतील पहिले दोन पदार्थ, गाजर आणि रताळे, दोन्ही जमिनीखालचे. त्यावाचून काही अडत नाही. लाल भोपळा, पिकलेली पपई, हापूस वा पायरी, शेवग्याचा पाला, लाल माठ, अंबाडी, चाकवत यांत बीटा-कॅरोटीन विपुल आहे. दूध आणि तूप यांत तयार अ जीवनसत्त्व आहे. अन्नातील बीटा-कॅरोटीनचे बारा भाग खर्ची पडावेत तेव्हा अ जीवनसत्त्वाचा एक भाग पदरी पडतो, असा शास्त्राचा व्यवहार आहे. त्यातही भाजीत तेल-तुपाचा अंश नसेल तर तेवढेही अंगी लागत नाही. उकडलेली बिनतेलाची भाजी खाणाऱ्या वजनदक्ष मंडळींनी चमचाभर तूप घालण्यास हरकत नाही. चातुर्मासात पालेभाजी सुटते, अनेक घरांत आर्द्रा नक्षत्रानंतर आंबाही. चिंतेचे कारण नाही. एरवी नीट जेवणाऱ्या प्रौढाच्या यकृतात काही महिने पुरेल इतका साठा असतो, आणि भोपळा, पपई, दूध हे तर सुरूच असतात. वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व मिसळणे आपल्या देशात १९५०च्या दशकापासून सक्तीचे आहे, आणि आता तेल-दुधाच्या पिशव्यांवर दिसणारे निळे अधिकचे चिन्ह म्हणजे त्यात अ व ड जीवनसत्त्वे घातली आहेत, असा अर्थ. कॉड माशाच्या यकृताचे तेल असलेल्या आणि जिलेटिनच्या वेष्टणातील कॅप्सूल अनेक घरांत नकळत येतात. ज्यांना ते चालत नसेल त्यांनी वेष्टणावरचा मजकूर वाचावा.

उंबरमाळीच्या आसपासच्या ठाकर-कातकरी कुटुंबांना पहिल्या पावसानंतर रानात टाकळा, कुरडू, भारंगी अशा पालेभाज्या फुकट मिळतात. त्यांच्या ताटात त्या चार महिन्यांत अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल पुष्कळ असतो. कमी पडते ती डाळ आणि तेल. व्यापाऱ्याच्या ताटात डाळ आणि तूप भरपूर, पाला कमी. एकाच बाजारपेठेत समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या शरीरात एकाच व्यवस्थेची दोन निरनिराळी टोके अडलेली असतात.

थोरल्या बंधूंनी आता काय करावे, ते सांगून थांबतो. केरळमध्येच १९९६ पासून एक लाख नव्वद हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या पाहणीत, प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी केवळ डोळ्यांनी तोंड तपासल्यामुळे तंबाखू वा मद्य घेणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटले. हा निकाल २००५ साली प्रसिद्ध झाला. तपासणीला काही मिनिटे लागतात. शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्यांकडे ती होऊ शकते. शंका वाटल्यास लहानसा तुकडा काढून तपासण्यास पाठवितील, त्याला भिऊन परत येऊ नये. तुकडा काढल्याने रोग पसरतो हा समज खोटा आहे. चट्ट्यावर हळद, मलम वा जेल लावून जाऊ नये, कारण त्याने रंग झाकला जातो. तंबाखू आणि सुपारी किती वर्षे, दिवसाला किती वेळा, गालाच्या कोणत्या बाजूस धरण्याची सवय, हे खरे सांगावे. आणि सध्या घेत असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे, त्या अ जीवनसत्त्वाच्या पाकिटासह, सोबत न्यावीत.